ताट वाजलं की बरोबर

इंग्रजी भाषा या जगात कोणाला वचकून असेल, तर ती फक्त आमच्या जाऊबाईंना. बाकी आपण सगळे तिला वचकून असतो. बँकेचा कागद इंग्रजीत आला की आपण उगाच चष्मा शोधायला लागतो, आणि नात्यातली शहरात शिकलेली मुलं समोर आली की "चहा घेतोस का बेटा" एवढं विचारून स्वयंपाकघरात पळ काढतो. जाऊबाईंचं तसं नाही. त्यांनी इंग्रजीला घरात घेतलं, पाटावर बसवलं, सुपात घेऊन तिच्यातले खडे वेचले, धुतली, उन्हात वाळवली आणि आपल्या घराला मानवेल तेवढीच डब्यात भरून ठेवली. जी मानवणार नाही ती सरळ परत केली. भाषेला असं वागवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मी त्यांची धाकटी जाऊ. धाकट्या जावेने थोरलीचं कौतुक करणं हे आमच्या घराण्यात घडत नाही, त्यामुळे मी हे कौतुक करते आहे म्हणजे त्यात किती तथ्य असेल ते तुम्हीच ओळखा.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. भिंतीच्या अलीकडे मी, माझं शिलाई मशीन आणि आमचे हे. पलीकडे जाऊबाई आणि भासरे, म्हणजे माझे थोरले दीर. भासरे सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त होऊन खुर्चीत पेपर वाचत असतात. जाऊबाईंचं माहेर हिंगणीचं. बोर धरणाच्या बाजूला त्यांच्या भावाची भाजीपाल्याची शेती आहे. शिक्षण गावच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत. दहावीच्या इंग्रजीच्या पेपराबद्दल विचारलं तर त्या सांगतात, "मी थोडीच पास झाली त्या पेपरात. पेपरच कटाळला आन मले पास करून मोकळा झाला." त्यानंतर संसारात इंग्रजीशी त्यांचा संबंध आला तो औषधाच्या बाटलीवरच्या अक्षरांपुरता. अशा बाईच्या आयुष्यात इंग्रजी पुन्हा आलं ते राघूमुळे.

राघू त्यांचा नातू. कागदोपत्री त्याचं नाव रियांश, पण ते नाव घरात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. माझा पुतण्या आणि सूनबाई दोघं पुण्याला नोकरीला. पोर अगदी लहान असताना त्याला सांभाळणारी बाई काम सोडून गेली, तेव्हा "थोडे दिवस" म्हणून त्याला वर्ध्याला आणून ठेवला. थोडे दिवस म्हणून आलेलं पाहुणं जाऊबाईंच्या हातचं जेवलं की परतीचा रस्ता विसरतं, आणि हा तर नातू. तो आजीच्या पदराला धरूनच मोठा झाला. झोपताना त्याला आजीचा कान हातात लागायचा. दुसरं खेळणं चालायचं नाही. मग त्याचं पहिलीचं वर्ष जवळ आलं आणि पुण्याहून फोन आला. तिकडची एक शाळा मिळण्यासारखी होती, पण त्या शाळेच्या मॅडम प्रवेश देण्याआधी मुलाशी मोबाईलवर इंग्रजीत बोलून बघणार होत्या. मुलगा बोलला तर जागा पक्की, उन्हाळा संपता संपता राघू पुण्याला. नाही बोलला तर सूनबाई स्वतःच म्हणाल्या, "मग राहू द्या आई अजून एक वर्ष तुमच्याकडेच." म्हणजे मामला उघड होता. राघूला इंग्रजी आलं तर राघू जाणार, नाही आलं तर राहणार. आणि शिकवायचं काम कोणाकडे, तर ज्यांचा त्या पोरावाचून घास उतरत नव्हता त्या जाऊबाईंकडे. सगळ्या गल्लीने तेव्हाच निकाल लावून टाकला की पोट्टं काही हलत नाही. मीही मनात म्हटलं, कुंपणाच्याच हाती शेत दिलंय, आता पीक कसलं येतंय.

जाऊबाई फोन ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "मी शिकवतो त्याले." आमच्याकडे बायकासुद्धा 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात, आणि जाऊबाईंच्या तोंडी ते जास्तच शोभतं. सूनबाईंनी मोबाईलवर मुलांच्या इंग्रजीच्या खेळांच्या लिंका पाठवल्या होत्या. चित्रातलं कुत्रं बोटाने ओढत नेऊन 'डॉग' या शब्दावर ठेवायचं. बरोबर ठेवलं की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि एक घुबड उड्या मारत 'गुड जॉब' म्हणतं. जाऊबाईंनी ठरवलं की आधी आपण खेळून बघायचं, कारण चाखल्याशिवाय त्या भाजीसुद्धा कोणाला वाढत नाहीत. खेळाने सुरुवातीलाच वय विचारलं. त्यांनी पाच टाकलं. भासरे चष्म्यावरून बघत म्हणाले, "अवं, साठीले टेकली तू." त्यावर जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "थे घरातलं वय झालं. इंग्रजीत मी पाच वर्साचीच आहो." हे ऐकून मी हातातली सुई तशीच धरून बसले. आपलं कुठल्या बाबतीत किती वय आहे हे इतकं बिनधास्त सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानंतर रोज दुपारची भांडी आवरली की त्या मोबाईल घेऊन बसायच्या आणि ते घुबड त्यांना 'लिटल स्टार' म्हणायचं. "इतके वर्सं या घरात रांधून राह्यली, कोणी गुड जॉब म्हटलं नाई," त्या मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "थे घुबड म्हणते." भासरे पेपरात आणखी खोल शिरायचे.

मोबाईलवर पोराचे डोळे बिघडतात, म्हणून सूनबाईंनी थोड्याच वेळाची परवानगी दिली होती. मग जाऊबाईंना कळलं की हेच सगळं कागदावर छापूनही मिळतं. जोड्या लावा, गोल करा, रंग भरा, टिंबं जोडा. झालं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं सुख तिथे संपलं. त्याने छापलेलं प्रत्येक पान जाऊबाई तांदूळ निवडल्यासारखं निवडायच्या. त्यांचा नियम एकच होता, जे पोराला डोळ्यांनी दाखवता येत नाही ते शिकवायचं नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी बर्फाच्या माणसावर संक्रांत आली. "या पानात बर्फाचा मानूस हाये, थो काढ," त्या म्हणाल्या. झेरॉक्सवाला म्हणाला, "काकू, हे जसं आलं तसंच छापून येते. त्यातून मानूस नाई निघत." "मंग वरून पांढरा कागद चिपकव आन पुन्ना काढ." त्याने मुकाट्याने चिकटवला. त्या रिकाम्या जागी घरी येऊन जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने पाण्याचा माठ काढला. आता जाऊबाई स्वयंपाकात अन्नपूर्णा असल्या तरी चित्रकलेत त्यांचा हात एकाच गोष्टीवर बसलेला आहे. त्या काहीही काढोत, वांगं होतं. माठ काढला, वांगं झालं. बैल काढला, शिंगं असलेलं वांगं झालं. पण राघूला ते सगळे प्राणी बरोबर ओळखू यायचे, आणि मला वाटतं शिक्षणात याहून मोठं काही नसावं.

पानं एका दिवसात फाटायची, कारण राघू पेन्सिल चालवायचा ती नांगर चालवल्यासारखी. त्यावर जाऊबाईंनी जो उपाय काढला तो पाहून मी थक्क झाले, आणि थोडी लुटलीही गेले. एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या, कपाट उघडलं आणि लग्नकार्यातल्या साड्यांच्या पारदर्शक पिशव्या सगळ्याच्या सगळ्या काढून घेतल्या. माझ्या ठेवणीतल्या साड्या उघड्यावर आल्या. "बाई, कसर लागंल ना," मी म्हटलं. "डांबर गोळ्या टाकजो," म्हणून त्या गेल्यासुद्धा. त्या पिशव्यांत त्यांनी पानं सरकवली. वरून फळ्यावरच्या मार्करने लिहायचं, भासऱ्यांच्या जुन्या बनियनने पुसायचं, की पान पुन्हा कोरं. संध्याकाळी सगळ्या पिशव्या ओल्या फडक्याने स्वच्छ करून अंगणातल्या तारेवर चिमटे लावून टांगायच्या. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या माणसाला तारेवर आधी भासऱ्यांचं धोतर, मग संत्रं, मग केळी, मग पोपट, मग पंखा असं सगळं वाळताना दिसायचं. शेजारच्या पोरांना पानं उसनी जायला लागली. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे ती पानं परत येताना कोणी वाटीभर मुरमुरे, कोणी चार कढीपत्त्याच्या काड्या, कोणी लिंबं घेऊन यायचं. एक पोरगी एकदा 'कॅट'चं पान परत द्यायला आली ती खरंखुरं मांजराचं पिल्लूच घेऊन आली. ते अजून आमच्याकडे आहे.

पण कागदाची एक अडचण निघाली. राघूने पहिल्या पानावर कुत्रं आणि 'डॉग' यांची रेघ अगदी नीट जोडली आणि तो तसाच बसून राहिला. पुढे सरकेना. जाऊबाईंनी विचारलं, "काऊन रे, काय झालं?" तर म्हणाला, "आजी, कागद वाजून नाई राह्यला." त्या घुबडाने पोराला सवय लावली होती. बरोबर आलं की आवाज होतो, आवाज झाला की पुढे जायचं. आता कागदाला कोण वाजवणार. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून एक पितळेचं ताट आणि पळी आणली. उत्तर बरोबर आलं की टण्. चुकलं तर काही नाही, नुसतं वाट बघायची. घुबडापेक्षा ताट बरं पडलं, कारण ताटाला बॅटरी लागत नाही. काही दिवसांतच त्यांना दारामागून, चुलीपाशी उभं राहूनही शिकवता यायला लागलं. इकडे कढीला फोडणी, तिकडून राघूचं 'मँगो', लगेच टण्. भिंतीच्या अलीकडे माझं मशीन त्या तालावर चालायचं. आमचे हे दाढी करता करता म्हणायचे, "आज लय बरोबर येऊन राह्यलं पोट्ट्याचं." आणि एखाद्या दिवशी ताट बराच वेळ गप्प राहिलं, तर आमच्या घरातही सगळ्यांचा जीव खालीवर व्हायचा.

डोळ्यांनी दाखवल्याशिवाय शिकवायचं नाही, या नियमापायी त्या बाईने काय काय केलं ते सांगायला बसले तर माझे ब्लाउज शिवायचे राहतील. 'ऑरेंज'चं पान आलं की आधी संत्रं सोलून खायचं. 'मँगो'च्या पानाला राघूचं पोट बिघडलं. भाज्यांच्या पानासाठी त्या त्याला घेऊन हिंगणीला भावाच्या वाडीत गेल्या. तिथे एकेका वाफ्यात उभं करून टोमॅटो, पालक, काकडी असं सगळं हाताला लावून घेतलं. पानावर फुलकोबीसारखी एक हिरवी परदेशी भाजी होती, ती वाडीत नव्हती, म्हणून तिच्यावर तिथल्या तिथे काट मारली. 'वॉटर' शिकवायला त्याला बोर धरणावर नेलं. एवढं पाणी पोराने पहिल्यांदाच पाहिलं. वाघाच्या पानाचं मात्र घोडं अडलं. जंगलात गाडीने फिरून आले, वाघ काही दिसला नाही. ते पान त्यांनी बाजूला काढून ठेवलं. मग एका सकाळी भावाच्या बांधावर ओल्या मातीत पंजा उमटलेला सापडला. राघूला तो दाखवून त्या म्हणाल्या, "पंजा पाह्यला, अर्धा वाघ झाला." आणि अर्ध्या वाघासाठी ताट हळू वाजवलं.

एकदा तर त्या घुबडाशीच त्यांचं वाजलं. मोबाईलवर कपड्यांचा खेळ होता. कुठला कपडा कुठल्या ऋतूत घालतात त्याच्या जोड्या लावायच्या. राघूने 'स्कार्फ' ओढत नेऊन सूर्यावर ठेवला. मोबाईल म्हणाला, 'ट्राय अगेन.' पोराने पुन्हा सूर्यावर ठेवला. पुन्हा 'ट्राय अगेन.' जाऊबाई चुलीवरून उठून आल्या. "बरोबर सांगून राह्यला थो. मे मइन्यात वर्ध्यात ये, डोक्याले दुपट्टा न बांधता चौकापर्यंत जाऊन दाखव, मंग मले ट्राय अगेन शिकवजो," असं त्यांनी मोबाईलला सुनावलं आणि स्वतः जाऊन ताटावर टण् केलं. तेव्हापासून घरात घुबडापेक्षा ताट मोठं, हे ठरून गेलं. राघूच्या मनात तर कायमचंच ठरलं. मधल्या काळात त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी डकवली होती. दार, खिडकी, खुर्ची, आणि खुर्चीत भासरे असतात म्हणून भासऱ्यांच्या पाठीवरही 'ग्रँडफादर'. भासरे ती चिठ्ठी घेऊन बँकेत पेन्शन काढायला गेले. रांगेत मागच्या माणसाने विचारलं, "काकाजी, हे घरच्यायनं लावलं का, हरवले त सापडाव म्हणून?" घरी येऊन ते खूप चिडले. जाऊबाई म्हणाल्या, "चुकीचं काई लिवलं काय?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "नाई." चिठ्ठी काढायचं तेही विसरले.

हे सगळं मी हसत हसत बघत होते, पण आत कुठेतरी मला राग यायला लागला होता. कारण पोरगं खरंच शिकायला लागलं होतं. अंगणात उभं राहून "अ क्रो इज सिटिंग ऑन द वायर" असं बोलायला लागलं होतं. जाऊबाईंनी थोडी ढिलाई केली असती, एखादा आठवडा अंगात कणकण आहे म्हणून निजून राहिल्या असत्या, तर कोणी त्यांना बोल लावला नसता. मी एकदा बोललेच, "बाई, जरा दमानं घ्या की. इतकं कायले रेटून राह्यल्या?" त्या पिशव्या पुसत होत्या. म्हणाल्या, "पोट्टं शिकून राह्यलं त शिकू दे व." एवढंच. मग कुटुंबाचं पान आलं. त्या पानावर एक घर होतं. घरात बाबा, आई, भाऊ, बहीण, कुत्रं. आजी त्या घरात नव्हती. ती खाली कोपऱ्यात दुसऱ्याच एका लहान घरात होती, दारात उभी राहून हात हलवत होती. झेरॉक्सवाला आता शहाणा झाला होता. पान बघून तो आपणहून पांढरा कागद आणि डिंकाची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, हिले या घरात घ्याची ना?" जाऊबाईंनी ते पान बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाल्या, "राहू दे. इथं काई बदलू नोको. तिकडं असंच हाये." मी मापांच्या वहीची झेरॉक्स काढायची आहे असं खोटं सांगून त्यांच्यासोबत गेले होते, म्हणून हे मला माहीत. परत येताना मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले. त्या मात्र भाजीवालीशी भेंडीवरून हुज्जत घालत होत्या.

मुलाखतीचा दिवस आला. सूनबाईंनी फोनवर बजावून ठेवलं होतं की राघू एकटा बसला पाहिजे, खोलीत कोणी नको, आईंनी तर अजिबात नको, नाहीतर शाळेला वाटेल घरचे मागून सांगतायत. राघूला नवा शर्ट घालून समोरच्या खोलीत पाटावर बसवला, मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. भासरे आणि आमचे हे अंगणात दम धरून बसले. जाऊबाई आणि मी मधल्या दाराच्या आड, स्वयंपाकघरात. दाराच्या फटीतून मला राघूची पाठ आणि मोबाईलच्या कडा दिसत होत्या. जाऊबाई चुलीपाशी उभ्या, त्यांना काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मॅडमचा आवाज गोड होता. त्यांनी चित्र दाखवलं आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?" राघू खणखणीत म्हणाला, "धिस इज अ काऊ." आणि गप्प बसला. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. राघू गप्प. त्यांनी पुन्हा विचारला. राघू गप्प. त्याने मान वळवली आणि आमच्या दाराकडे बघायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरगं कशासाठी थांबलं आहे. ताट वाजल्याशिवाय पुढे जायचं नाही, हेच तर त्याला शिकवलं होतं.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं. ताट ओट्यावर होतं. पळी त्यांच्या हातात होती, कारण त्यांच्या हातात पळी नाही असं कधी होतच नाही. मॅडम पलीकडून म्हणत होत्या, "रियांश? कॅन यू हिअर मी?" काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. मॅडमनी दोन शब्द गोड बोलून फोन ठेवला असता, सूनबाई थोड्या हिरमुसल्या असत्या, आणि राघू अजून वर्षभर आजीचा कान धरून झोपला असता. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात तेच आलं. मी हात जोडल्यासारखे केले आणि नुसत्या ओठांनी म्हटलं, नका वाजवू बाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची पळी हवेत तशीच राहिली.  मग त्यांनी डोळे मिटले आणि पळी मारली.

टण्.

राघू लगेच मोबाईलकडे वळला. "काऊ गिव्हज अस मिल्क," तो सुटलाच. मॅडम दचकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रियांश, व्हॉट वॉज दॅट साऊंड?" राघू म्हणाला, "दॅट इज माय ग्रँडमदर. शी इज सेइंग करेक्ट." पलीकडे मॅडम जे हसायला लागल्या ते थांबेनात. म्हणाल्या, आजीला सांग, वाजवू दे. पुढची सगळी मुलाखत मग ताटाच्या साथीनेच झाली. शेवटी मॅडमनी समुद्राचं चित्र दाखवलं. समुद्र हा आमच्या नियमात बसत नसल्यामुळे तो पानांवरून केव्हाच कापला गेला होता. राघूने क्षणभर पाहिलं आणि ठासून सांगितलं, "धिस इज बोर डॅम." जाऊबाईंना चित्र कुठे दिसत होतं, त्यांनी शब्द ऐकला, बरोबर वाटला, टण्. मॅडम प्रेमाने म्हणाल्या, नाही बाळा, हा समुद्र आहे. राघूने त्यांना समजावून सांगितलं, "नो मॅडम. ग्रँडमदर सेड करेक्ट." यावर मॅडमनी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी पुण्याहून फोन आला की जागा मिळाली.

गल्लीत पेढे वाटले ते जाऊबाईंनीच. पुण्याची गाडी निघाली तेव्हा राघू खिडकीत बसून फलाटावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता, आणि जाऊबाई बाहेरून प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. गाडी गेल्यावर त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. रिक्षात भासऱ्यांचा हात धरून बसल्या, एवढंच. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे काही दिवसांनी, दुपारी, मी त्यांच्याकडे गेले. घर फार नीटनेटकं होतं, तेच बरं वाटत नव्हतं. त्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले, दोन शेंगा सोलल्या आणि शेवटी विचारलंच, "बाई, त्या दिवशी तुमचा हात थांबला होता. थांबू द्याचा होता ना. कोणाले कळलं असतं?"

"थांबला होता व कुंदा," त्या म्हणाल्या. "माह्या मनात का आलं नाई थे? पण पोट्टं दाराकडं पाहून राह्यलं होतं. त्यानं बरोबर सांगतलं होतं ना. पोरानं बरोबर सांगून वाट पाहायची आन आजीनं गुपचूप उभं राहायचं, मंग आजी कायची मी?"

मी पुढची शेंग उचलली. त्याही सोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने, शेंगांवरची नजर न काढता, त्यांनी मला विचारलं, "तिकडं त्या शाळेत एवढे सारे पोट्टे असतीन. त्याचं बरोबर आलं त कोणी त्याले सांगत असन ना व?"

मी म्हटलं, "सांगत असतीन बाई." माझं मशीन तिकडे उघडंच पडलं होतं, कोणाचातरी ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता. पण दिवेलागणीपर्यंत मी तिथून उठले नाही.